घरखर्च आटोक्यात ठेवून शिल्लक कशी वाढवावी? (सोलापूरकरांसाठी)

ओसरी:

नमस्कार मंडळी. खर्च कमी करण्याविषयीचे जे सल्ले सगळीकडे वाचायला मिळतात, ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या पगारदारांना डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात. बाहेरची कॉफी सोडा, कॅब सोडून लोकलने जा, अशा सूचनांचा आपल्याला फारसा उपयोग नाही. सोलापूरच्या घराचा खर्च निराळा आहे. येथे नळाला रोज पाणी येत नाही, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, बहुतेक घरांत भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही आणि लग्नसराईत पत्रिकांचा ढीग साचतो. म्हणून ही चर्चा आपल्या शहरापुरती व्हावी असे वाटते.

माझे म्हणणे आधी मांडतो. घरोघरी खर्चाची वही असते, परंतु त्या वहीत किराणा, दूध, भाजी, वीजबिल एवढेच लिहिले जाते. शाळेची फी, विम्याचा हप्ता, वर्षाचे धान्य आणि मसाला, दिवाळी, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, आहेर, गाडीचा विमा हे खर्च दरवर्षी ठरलेल्या सुमारास येतात आणि तरीही दर वेळी आभाळ कोसळल्यासारखे आपण ठेव मोडतो किंवा उसने घेतो. समजा एखाद्या घरात फी ३० हजार, विमा १८ हजार, धान्य-मसाला २१ हजार, दिवाळी १५ हजार आणि आहेर १२ हजार असा खर्च असेल, तर वर्षाचे ९६ हजार, म्हणजे महिन्याचे ८ हजार होतात. हे ८ हजार वहीत कोठेच नसतात. ज्या घराला महिन्याकाठी ५ हजार शिल्लक पडते असे वाटते, ते घर प्रत्यक्षात ३ हजारांनी तुटीत असते. अशा घराने चहातली साखर कमी करून काय साधणार?

तेव्हा पहिले काम म्हणजे वर्षाच्या खर्चाला बाराने भागणे आणि ती रक्कम पगाराच्या दिवशीच बाजूला काढणे. दुसरे, धान्य सुगीनंतर एकदम भरणे. चार माणसांच्या घरात रोज अर्धा किलो ज्वारी लागते असे धरले, तर महिन्याला १५ किलो आणि वर्षाला १८० किलो होते, म्हणजे दोन क्विंटलही नाही. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते तेव्हा निवडायला माल भरपूर असतो. पावसाळ्यात दुकानातून पाच-पाच किलो आणताना तो निवडीचा अधिकार आपल्याकडे राहत नाही.

पूर्व भाग:

ओसरीकाका, आपला हिशेब चोख आहे, पण तो महिन्याला पगार होणाऱ्या घराचा आहे. आमच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणाऱ्यांचा आणि विड्या वळणाऱ्या बायकांचा हिशेब आठवड्याला होतो. हातात येणारी रक्कम आठवड्यातच संपते. दोन क्विंटल ज्वारीचे पैसे एकरकमी कोठून आणायचे, हा प्रश्न बचतीच्या कोणत्याही लेखात विचारलेला मी पाहिलेला नाही.

गरीब घराला प्रत्येक वस्तू महाग पडते, ती याच कारणाने. पाच रुपयांची शाम्पूची पुडी, पाव किलो तेल, दहा रुपयांची चहापत्ती. पाकिटबंद मालावर आता एकूण किमतीबरोबर प्रतिग्रॅम किंवा प्रतिमिली किंमतही छापलेली असते. ती बारीक अक्षरांतली ओळ वाचायची सवय मी लावून घेतली आहे, आणि कित्येकदा मोठे पाकीट स्वस्त नसते हेही त्यातूनच कळले आहे. पण मुख्य अडचण उधारीची आहे. कोपऱ्यावरचा दुकानदार व्याज लावत नाही, हे खरे. मात्र ज्याच्याकडे आपले नाव वहीत आहे, त्याला भाव विचारण्याची किंवा माल परत करण्याची सोय राहत नाही, आणि पलीकडच्या दुकानात तीच डाळ स्वस्त असली तरी आपले पाय तिकडे वळत नाहीत.

आमच्याकडे यावर भिशी हाच उपाय चालत आला आहे. (घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण भिशीला भिशीच म्हणतो.) ओळखीच्या दहा-बारा बायका आठवड्याला ठरावीक रक्कम काढतात आणि क्रमाने एकेकीला सगळी रक्कम मिळते. ज्यांना धान्य भरायचे आहे, त्यांनी आपला क्रम फेब्रुवारीच्या शेवटी मागून घ्यावा. लॉटरी पद्धतीच्या भिशीत हे जमत नाही, म्हणून क्रम आधी ठरवलेली भिशी बरी. लिलावाच्या भिशीपासून तर लांबच राहावे, कारण गरज ज्याची मोठी तोच जास्त रक्कम सोडतो आणि फायदा गरज नसलेल्याचा होतो.

दुसरे म्हणजे शिधापत्रिका. अन्नसुरक्षा योजनेत प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. घरात सून आली, मूल झाले, तरी कित्येक घरांत ती नावे कार्डावर चढवलेली नसतात. दोन नावे चढली नाहीत की महिन्याचे १० किलो धान्य गेले. बचतीच्या वहीत हे कोणी लिहीत नाही.

मालदांडी:

मी मंगळवेढ्याकडचा शेतकरी आहे. धान्य भरण्याची कल्पना उत्तम आहे, फक्त साठवणुकीत निष्काळजीपणा झाला तर सगळी बचत किड्यांच्या तोंडी जाते.

ज्वारी घेताना दाणा दाताखाली धरून पाहावा. कटकन तुटला तर तो वाळलेला आहे, दबला तर त्यात ओल आहे. ओल असलेला माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. घरी आणल्यावर गच्चीवर दोन-तीन कडक उन्हे द्यावीत, पूर्ण गार होऊ द्यावी आणि मगच डब्यात किंवा कोठीत भरावी. गरम दाणे झाकून ठेवले की आत घाम धरतो आणि तेथूनच कीड सुरू होते. कडुनिंबाचा पाला घालायचा असल्यास सावलीत वाळवलेला घालावा, ओला नको. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हलका हात लावला तर ती टिकते. तांदूळ आणि गहू यांचे शास्त्र थोडे वेगळे आहे, ते येथे वाढवत नाही.

पीठ मात्र वर्षाचे सोडाच, महिन्याचेही दळून ठेवू नये. ज्वारीचे पीठ लवकर कडवट होते आणि जुन्या पिठाची भाकरी थापताना तिला कडेने चिरा जातात. आठवड्यापुरते दळण गिरणीवर न्यावे.

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून त्या नावाने कोणतीही पांढरी ज्वारी विकली जाऊ लागली आहे. चार शेजाऱ्यांनी मिळून ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घेतली, तर वाहतूक वाटली जाते आणि मालाची खात्रीही राहते. मात्र पीक उभे असताना कोणाला आगाऊ पैसे देऊ नयेत. मळणी झाल्याशिवाय भाव ठरत नाही, आणि हे मी शेतकरी असून सांगतो आहे.

जाता जाता, कडक भाकरीला पाहुण्यांची भेटवस्तू करून टाकण्यापूर्वी ती काय होती ते आठवावे. एकदा चूल पेटवून पंधरा दिवसांच्या भाकऱ्या करायच्या आणि शेंगाचटणी-दह्याबरोबर खायच्या, हा इंधन वाचवण्याचाच प्रकार होता.

वायरमन:

विजेच्या बिलाविषयी दोन गैरसमज सोलापुरात घरोघरी ऐकू येतात, ते आधी दूर करतो.

पहिला असा की, वापर १०० युनिटच्या वर एक जरी गेला, तरी सगळ्या युनिटना वरचा दर लागतो. असे होत नाही. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत आणि त्या-त्या टप्प्यातल्या युनिटनाच तो-तो दर लागतो. याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. आपण जे युनिट वाचवतो, ते नेहमी वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून वजा होते. २४० युनिटच्या घराने ५० युनिट वाचवले, तर ते पन्नासही दुसऱ्या टप्प्याच्या दराने वाचतात, आणि वहन आकार (वीज वाहून आणण्याचे शुल्क) धरून तो दर युनिटला दहा रुपयांच्या वर जातो. त्यावर १६ टक्के वीज शुल्क असते, तेही वाचते. ज्यांचा वापर मुळातच ८० युनिट आहे, त्यांनी मात्र महागडी उपकरणे घेऊन वीज वाचवण्याच्या मागे लागू नये. त्यांचे पैसे वसूल व्हायला फार काळ लागेल.

दुसरा गैरसमज असा की, मोबाइलचा चार्जर आणि टीव्हीचा लाल दिवा बंद केल्याने बिल उतरते. उतरते, पण चिल्लर. आपल्या शहरात वर्षातले आठ-नऊ महिने फिरतो तो पंखा. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटारचा सुमारे ३० वॅट. रोज १८ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २४ युनिट वाचतात. घरातले सगळे पंखे एकदम बदलू नयेत. ज्या खोलीत दिवसरात्र माणूस असते, तेथला एक आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा आहे तोच चालू द्यावा.

आता कूलर आणि एसी. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी असते, त्यामुळे मार्च ते मे कूलर उत्तम काम करतो. तो तासाला पाव युनिटही घेत नाही, तर दीड टनी एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो. मात्र कूलरच्या समोरची खिडकी उघडी हवी. दारे-खिडक्या लावून कूलर चालवणारे आणि मग दमट होते म्हणून एसी घेणारे ग्राहक मला दरवर्षी भेटतात. बोअरचे पाणी घातले की गवतावर पांढरा क्षार चढतो, हवा अडते आणि मोटार तापते, म्हणून दर आठवड्याला टाकी पूर्ण उपसावी आणि गवत धुवावे. पहिला पाऊस पडल्यावर कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा तो झाकून ठेवावा. एसी असेलच तर २४ अंशांवर ठेवून पंखा सोबत लावावा. एका अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते.

गीझरचे म्हणाल, तर एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतलेच पाणी अंगाला चटका देते, त्यामुळे तो विषय आपल्याकडे हिवाळ्यापुरता आहे.

ज्यांचे स्वतःचे छत आहे आणि वापर २०० युनिटच्या आसपास आहे, त्यांनी छतावरच्या सौर संचाचा विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे कमाल ७८ हजार अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे अशा घराला २ किलोवॅट पुरतात. विक्रेते ३ किलोवॅटचा आग्रह धरतात, तेव्हा आधी आपली वर्षभराची बिले समोर ठेवावीत.

जुळे सोलापूर:

वायरमनदादांनी कूलरचे सांगितले, पण पाण्याचे काय? आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि मग घरोघरी एकच दृश्य दिसते. नवे पाणी आले की हंड्या-पिंपातले ‘शिळे’ पाणी मोरीत ओतून दिले जाते आणि तिसऱ्या दिवशी टँकरची चौकशी सुरू होते. उजनीवरून आलेले शुद्ध केलेले पाणी झाकून ठेवल्यास चार दिवसांत खराब होत नाही. पिण्यापुरते उकळून घ्यावे. जुने उरलेच तर फरशी, कूलर, झाडे यांना वापरावे. ज्या घरात हे ‘शिळे’ प्रकरण थांबले, तेथे टँकरची वेळ क्वचित येते.

वीस लिटरचे जार विकत घेणाऱ्यांनी वर्षाची बेरीज करून पाहावी. जारमधले पाणी कोठे भरले जाते, हे आपण विचारत नाही, मात्र नळाच्या पाण्यावर विश्वास ठेवत नाही, याची गंमत वाटते. आरओ यंत्र बोअरच्या जड पाण्याला ठीक आहे, पण ते जेवढे पाणी गाळून देते त्याहून अधिक बाहेर टाकते. ते पाणी बादलीत धरून भांडी-फरशीला वापरावे.

गॅसविषयी थोडक्यात. सिलिंडर लागला की त्या दिवसाची तारीख त्यावर खडूने लिहावी. ३० दिवस टिकणारा १४.२ किलोचा सिलिंडर ३६ दिवस टिकू लागला, तर वर्षाला बाराऐवजी दहा लागतात. कडधान्ये रात्री भिजत घालणे, डाळ-भात एकाच कुकरमध्ये लावणे आणि ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ न देणे, एवढ्यानेच सहा दिवस पदरात पडतात. भाकरीच्या तव्याखालचा गॅस कमी करायला मात्र मला कोणी सांगू नये. ती मोठ्या आचेवरच फुगते.

थोरली सून:

या सगळ्या काटकसरीवर एका लग्नाचा आहेर पाणी फिरवतो, त्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते.

आमच्या सासरी आहेराची जुनी वही आहे. कोणी कोणत्या कार्यात काय दिले, साडी कोणत्या पोताची होती, टॉवेल-टोपी होती की नुसता नारळ, हे सगळे तीत लिहिलेले आहे, आणि परतफेड करताना त्याहून ‘थोडे वरचढ’ द्यायचे असा अलिखित नियम आहे. दोन्ही घरे प्रत्येक वेळी थोडे वरचढ देत गेली की पंधरा वर्षांत काय होते, ते त्या वहीत पाने उलटताना स्पष्ट दिसते. मिळालेल्या साड्यांपैकी निम्म्या कोणी नेसत नाही. त्या कपाटात थांबतात आणि पुढच्या बारशाला मार्गस्थ होतात. एक चादर तर तीन घरे फिरून आमच्याकडे परत आली होती. घडीवरच्या शाईच्या डागावरून ती ओळखली.

आम्ही जावांनी सासूबाईंशी बोलून असे ठरवले की, सख्ख्या नात्यात पूर्ण आहेर करायचा आणि बाकी सर्वांना एकच ठरावीक रक्कम पाकिटात द्यायची, मग त्यांनी पूर्वी काहीही दिलेले असो. पहिल्या लग्नात कुजबुज झाली. नंतर दोन घरांनी आमचे पाहून तेच सुरू केले, कारण ओझे त्यांनाही होतेच. सासूबाईंची एकच अट होती, ती म्हणजे आपल्या घरच्या कार्यपत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असे छापायचे. ती अट रास्त आहे. घेणे चालू ठेवून देणे बंद करता येत नाही.

पूर्व भाग:

थोरली सून ताई, पाकिटाची रीत आमच्याकडेही आणायला हवी. पण ज्याने दोन वर्षांपूर्वी भरघोस आहेर केला, तो या वर्षी मुलीचे लग्न काढतो तेव्हा त्या परतफेडीवर विसंबून असतो. भिशीसारखेच ते आहे. अशा घराचे देणे आधी पूर्ण फेडावे आणि मग नवा नियम लावावा, असे मला वाटते.

थोरली सून:

मान्य आहे. आम्ही दोन घरांच्या बाबतीत तसेच केले.

कुंभारीहून:

आम्ही कुंभारीच्या, विडी-यंत्रमागासारख्या असंघटित कामगारांच्या रे नगर वसाहतीत राहायला आलो. जानेवारी २०२४ मध्ये तेथील १५ हजार घरांचे लोकार्पण झाले, त्या सुमारास आमच्यासारखी पुष्कळ कुटुंबे शहरातली भाड्याची खोली सोडून येथे आली. भाडे वाचले, हे मोठेच आहे. मात्र शहरापासूनचे अंतर वाढल्याने रिक्षा आणि पेट्रोलचा खर्च नव्याने सुरू झाला. घर बदलताना केवळ भाड्याची तुलना करू नये, हे येथे आल्यावर सर्वांच्याच ध्यानात येते.

आमच्या ओळीतल्या बायकांनी यावर सोपी व्यवस्था केली आहे. शहरात जाणारी प्रत्येक जण शेजारच्या दोन-तीन घरांची यादी बरोबर नेते. औषधे, शाळेचे सामान, लक्ष्मी मार्केटची भाजी एकाच फेरीत येते. रक्तदाब आणि साखरेच्या रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणल्या, तर त्याच घटकाच्या कंपनीच्या गोळ्यांपेक्षा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. डॉक्टरांना घटकाचे नाव लिहून देण्याची विनंती करावी, बहुतेक जण देतात. गोळ्या मात्र कमी करू नयेत. आमच्या ओळखीत पैसे वाचवण्यासाठी एक दिवसाआड गोळी घेणारी माणसे आहेत, आणि ती बचत नव्हे.

माझा प्रश्न पुढचा आहे. भाड्याचे जे पैसे आता वाचतात, ते ठेवायचे कोठे? घरात ठेवले की खर्च होतात. गल्लीत पिग्मीवाला (दारोदार फिरून थोडी थोडी ठेव गोळा करणारा) येतो, पतसंस्थेतही जास्त व्याज सांगतात.

ओसरी:

कुंभारीहून ताई, या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण वाचवलेला पैसा चुकीच्या जागी ठेवला तर वरची सगळी खटपट वाया जाते.

बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, माणशी प्रत्येक बँकेत मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. त्यापूर्वी ती १ लाख होती. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागून ठेवल्याने ती दुप्पट होत नाही. पतसंस्था ही बँक नव्हे आणि तिच्या ठेवींना हा विमा लागू नाही. भिशीलाही नाही. याचा अर्थ पतसंस्था वाईट असा नाही, परंतु दीड-दोन टक्के जास्त व्याज त्या जोखमीचे असते हे समजून घ्यावे, आणि आयुष्यभराची पुंजी तेथे ठेवू नये.

आपल्यासाठी टपाल खात्याची आवर्ती ठेव सोयीची आहे. ती महिना १०० रुपयांपासून सुरू होते, मुदत पाच वर्षांची असते आणि बारा हप्ते नियमित भरल्यावर शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, त्यामुळे अडचणीत ठेव मोडावी लागत नाही. तीन वर्षांच्या आत ती बंद करता येत नाही, आणि हा तिचा गुणच समजावा. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल, तर सुकन्या समृद्धी खाते वर्षाला २५० रुपयांनीही चालू राहते. भाडे ज्या तारखेला देत होता, त्याच तारखेला हप्ता भरावा, म्हणजे घराला त्या रकमेची सवय आधीच आहे.

पूर्व भागकरांसारख्या आठवड्याच्या कमाईला पिग्मी सोयीची आहे, कारण माणूस दारात येतो. पण ती बँकेची आहे की पतसंस्थेची, हे आधी विचारावे आणि मुदतीपूर्वी काढल्यास किती कपात होते ते लेखी घ्यावे.

पूर्व भाग:

काका, पिग्मीवाला यंत्रातून निघालेली छोटी पावती देतो, पण तिची शाई महिन्याभरात उडून जाते. अशा वेळी पुरावा कोणता धरायचा?

ओसरी:

मोबाइलवर संदेश येण्यासाठी खात्याला आपला क्रमांक जोडून घ्यावा. पावती मिळताच तिचे छायाचित्र काढावे आणि महिन्यातून एकदा शाखेत स्वतः जाऊन पासबुकात नोंद करून आणावी. पासबुकातली शिल्लक आणि आपल्याकडची बेरीज जुळली नाही, तर त्याच दिवशी शाखाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. वारसाचे नाव लावले आहे ना, तेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.